विश्वजीत हरवला आहे

सत्तरीकडं झुकलेल्या माणसानं केस काळे करू नयेत असं काही नाही. करावेत बापडे. पण ते वैशाखात करू नयेत, आणि केलेच तर डोक्यावर टोपी घालून गप सावलीला बसावं. व्यंकटरावांनी ह्यातलं एकही केलं नाही. परभणीहून गाडी सुटली तसे ते डब्याच्या दारात जाऊन उभे राहिले. एका हातानं दांडी धरलेली, दुसऱ्या हातानं केस सावरणं चाललेलं, आणि वारा असा छातीवर घेत होते की जणू कॉलेजचं पहिलंच वरीस आहे. कलपाचा एक काळा ओघळ कानामागून निघून कडक इस्तरीच्या कॉलरीकडं चालला होता. अंबिकाबाई खिडकीशी बसून तो ओघळ बघत होत्या. सांगणार नव्हत्या. सदरा त्यांनाच धुवायचा होता, तरी सांगणार नव्हत्या.

"विश्वा!" दारातून हाक आली. "पाणी दे गं."

अंबिकाबाई बाटली घेऊन उठल्या, देऊन आल्या, पुन्हा पदर सावरून बसल्या.

समोरच्या बाकावर एक नवं जोडपं होतं. पोरगी हातभर हिरव्या चुड्याची, आणि शेजारचा तिचा नवरा तिच्या ओढणीच्या टोकाशी खेळत बसलेला. पोरीनं इकडं तिकडं बघितलं.

"आजी, विश्वा कोण?"

"माझा ल्योक. विश्वजीत. पुण्याला असतो."

"मग आजोबांनी हाक..."

"मला मारली."

पोरीचा चेहरा कोरा. अंबिकाबाईंनी उसासा टाकला. आता हे काय सांगायचं? जुन्या घरातली रीत. नवऱ्यानं बायकोचं नाव घेऊन हाक मारायची नाही, चारचौघात तर नाहीच. थोरल्या पोराच्या नावानं हाक मारायची आणि बायकोनं समजून 'ओ' द्यायची. पोरगा पाळण्यात होता तवापासून हे चालू होतं. पोरगा शाळेला गेला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, त्याला टक्कल पडायला लागलं, तरी घरात 'विश्वा' म्हटलं की उठायचं अंबिकाबाईंनीच.

"आणि विश्वजीतदादा घरी आले की?" पोरीनं विचारलं.

"मग दोघंबी उठतो."

पोरगी खुदकन हसली. तिचा नवरा म्हणाला, "स्वराली, हसू नको गं, वाईट दिसतं." त्यानं ते नाव इतकं हळू, इतकं सांभाळून घेतलं की अंबिकाबाईंनी नजर खिडकीबाहेर वळवली. बाहेर नांगरून पडलेली काळी शेतं पळत होती. काही बघण्यासारखं नव्हतं. तरी त्या बघत राहिल्या.

ह्या उन्हाळ्यात व्यंकटरावांना फिरायची हौस आली होती. पाटबंधारे खात्यात होते तवर बायकोला कुठं नेलं म्हणाल, तर लग्नाला आणि मयताला. आता एकदम माहूर झालं, शेगाव झालं, आणि शेवटी आपलं कॉलेजचं गाव. स्टेशनावर पाटी छत्रपती संभाजीनगरची, पण व्यंकटरावांच्या तोंडात जुनंच नाव. त्यांच्या वेळचे दोस्त भेटणार होते. त्यासाठी तर तो कलप.

स्टेशनाबाहेर याह्या मोटार घेऊन उभा होता. हा कॉलेजचा जिवलग. गुलमंडीच्या अलीकडं ह्याचं हिमरू शालींचं पिढीजात दुकान, आता पोरं बघतात. पांढरीशुभ्र दाढी, तिला काही कलपबिलप नाही. तेवढ्यावरून अंबिकाबाईंच्या मनात त्याला मान मिळाला.

"अरे व्यंक्या! ये काय बे, शिंगावर काजळ लावून आला?" याह्यानं मिठी मारली. मग हात छातीशी नेऊन म्हणाला, "सलाम भाभी. लई दिवसांनी दर्शन दिलं."

"कधी दिलं होतं आधी?" अंबिकाबाई म्हणाल्या. याह्या व्यंकटरावांकडं बघून गालात हसला. तो का हसला, हे त्यांना कळलं नाही, पण खटकलं.

क्रांती चौकात गर्दीत मोटार अडकली तसे व्यंकटराव काचेला नाक लावून बसले. "इथं आपलं चहाचं हॉटेल होतं. इथं सायकली भाड्यानं मिळायच्या. आणि ह्या कोपऱ्याला..."

"आता काय आहे तिथं?" अंबिकाबाईंनी विचारलं.

"मोबाईलचं दुकान."

"आणि हॉटेलाच्या जागी?"

"...मोबाईलचं दुकान."

"बरं झालं दाखवलंत. आमच्या परभणीला एकबी नाही."

याह्या स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला.

संध्याकाळी याह्याच्या घरी जेवण होतं. त्याची बायको सगीरा गोरीपान, ठेंगणी, बोलायला मोकळी. तिनं बगाऱ्या वांग्याची भाजी केली होती, केशर आंब्याचा रस, गरम पोळ्या. "भाभी, तुमच्यासाठी भांडी सुद्धा वेगळी घासलीत हं, बिनधास्त खा," म्हणाली. बाईनं स्वतःहून इतकं ध्यानात ठेवलं. अंबिकाबाईंनी मनापासून वांगी खाल्ली, दुसऱ्यांदा मागून घेतली.

रुचत नव्हतं ते दुसरंच. समोर बसलेली करुणा. कॉलेजात ह्यांच्याच वर्गात होती, मग मुख्याध्यापिका झाली, आता निवृत्त. आखूड केस, सुती साडी, आवाज असा की खोलीतल्या पंख्यानं सुद्धा ऐकावं. तिच्यावर राग धरावा असं तिच्यात काही नव्हतं, हेच अवघड होतं. हसतमुख बाई. पण व्यंकटराव!

"करुणा, रस घे की. करुणा, तुला आठवतं का ते... अगं करुणा, त्या दिवशी पाणचक्कीवर... हो की नाही करुणा?"

करुणा, करुणा, करुणा. नाव तोंडातून खाली पडत नव्हतं. ज्या माणसाला साऱ्या संसारात बायकोचं नाव एकदाही उच्चारता आलं नाही, त्या माणसाच्या जिभेला आज काय पाय फुटले होते!

"आणि काय रे व्यंक्या," करुणा एकाएकी म्हणाली, डोळे बारीक करून, "तू ह्यांना काय म्हणतोस?"

व्यंकटराव रसाच्या वाटीत बघायला लागले. याह्याला खोकला आला. सगीरानं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"काय म्हणणार," व्यंकटराव म्हणाले, "घरात हाक मारायची वेळच कुठं येते..."

अंबिकाबाईंचा घास हातातच राहिला. वेळ येत नाही! सकाळी टॉवेलासाठी वेळ येते, दुपारी चष्म्यासाठी येते, दिवे लागले की पंचांगासाठी येते. वेळ नाही येत ती फक्त नावाची. आणि का येईल? चार बुकं शिकलेल्या दोस्तांत बसलं की आपल्या चौथी नापास बायकोची नावानं ओळख करून द्यायची लाज वाटत असेल. कॉलेजातली ती करुणा, आणि घरातली ती... विश्वा.

त्यांनी घास खाल्ला. अन्नावर राग काढायची त्यांची पद्धत नव्हती.

सकाळी गच्चीवर चहा आला. ऊन अजून कोवळं होतं, खाली गल्लीत कुणीतरी पाणी शिंपडत होतं, आणि भिजल्या धुळीचा वास वर येत होता. कबुतरं घुमत होती. व्यंकटराव बशीत चहा ओतून फुंकर मारत होते.

"अहो," अंबिकाबाई म्हणाल्या, "नाव काय हो माझं?"

"सकाळी सकाळी काय हे?"

"सांगा की."

"तुला माहीत नाही?"

"मला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे का बघतेय."

व्यंकटरावांनी बशी खाली ठेवली. त्यांचा चेहरा तोंडी परीक्षेला उभ्या केलेल्या पोरासारखा झाला. ओठ हलले... म्हणजे हलल्यासारखे वाटले. एक कबूतर कठड्यावर येऊन बसलं आणि तेही वाट बघायला लागलं.

"अगं... चहा निवतोय," ते म्हणाले.

झालं. अंबिकाबाईंनी तिथंच मनाशी गाठ मारली. आज वेरूळला जायचं होतं. वेरूळच्या पुढं, त्याच रस्त्याला, देवगाव रंगारी. त्यांचं माहेर. भाऊ फकिरा अजून तिथंच शेती करतो, दारात बहीण दिसली तर नाचेल. वेरूळ सोडायच्या आत ह्या माणसाच्या तोंडून नाव निघालं तर ह्याच्या मागं परभणीला जायचं. नाही निघालं तर तिथूनच देवगाव. मग मारा म्हणावं हाका, घरातल्या भिंतींना. भिंती 'ओ' देतात का बघा.

वेरूळला पोचेतो ऊन तापलं होतं. कैलास लेण्याच्या आवारात दगड भाजत होते, पण आतल्या सावलीत पाय टेकला की गार. पायऱ्या झिजून गुळगुळीत झालेल्या. करुणा पुढं, मागं व्यंकटराव, त्यांच्यामागं अंबिकाबाई.

"करुणा, जपून," व्यंकटराव म्हणाले, "पायरी निसरडी आहे." मग मागं वळून, "विश्वा, चल की लवकर."

आणि त्याच पायरीवरून अंबिकाबाईंचा पाय सटकला.

पडल्या नाहीत. सगीरानं दंड धरला. व्यंकटराव धावले, "लागलं का? लागलं का?" म्हणत वाकून पायाला हात लावायला गेले. अंबिकाबाईंनी पाय मागं घेतला.

"मला काय होतंय," त्या म्हणाल्या. "पाय माझ्या पोराचा सटकला असंल. हाक त्याला मारली होती ना?"

व्यंकटराव तसेच वाकलेले राहिले. करुणानं याह्याकडं बघितलं, याह्यानं आभाळाकडं.

मग घृष्णेश्वर. गाभाऱ्यात पुरुषांनी सदरा काढून जायचं असतं. व्यंकटरावांनी सदरा काढून हातावर घेतला, पिशवी आणि दोघांचे मोबाईल बाहेर ठेवायला दिले, आणि रांगेत उभे राहिले. उघड्या अंगानं, काळ्या केसांनी, मानेवर कलपाचे ओघळ. बघवत नव्हतं. याह्या, सगीरा आणि करुणा बाहेर रसवंतीच्या सावलीला बसले होते. अंबिकाबाईंनी महादेवाला लांबूनच हात जोडले. "तुला सगळं दिसतंय," एवढंच म्हणाल्या, आणि कुणाला न सांगता उलट्या वाटेनं फाट्याकडं चालत सुटल्या.

फाट्यावर बाभळीच्या विरळ सावलीला एक बाई काकड्या घेऊन बसली होती. दगडाबाई तिचं नाव. ते तिनं दोन वाक्यांतच सांगून टाकलं.

"देवगावची गाडी येईल का?"

"येईल की. बसा. काकडी खाता? मीठ लावून देते." दगडाबाईनं काकडी चिरली. "एकटीच व्हय? मालक?"

"हायेत. देवाला उघडे उभे हायेत."

"भांडून आला जणू."

"भांडायला समोरच्याला तोंड लागतं," अंबिकाबाई म्हणाल्या आणि काकडीचा तुकडा कचकन तोडला.

रस्त्यापलीकडं कुठल्याशा मंडळानं उन्हाळ्याची पाणपोई मांडली होती. मांडव, रांजण, आणि खांबावर भोंगा. भोंग्यावर चाललेलं भजन एकदम थांबलं. खरखर झाली.

"भाविकांना सूचना. विश्वजीत नावाचा मुलगा हरवला आहे. कुणाला सापडल्यास पाणपोईपाशी आणून सोडावा. मुलाचे आजोबा इथं लई घाबरलेले आहेत."

"अगं बया," दगडाबाई हळहळली, "एवढ्या उन्हात लेकरू!"

अंबिकाबाईंचंही काळीज हललं. आपल्या विश्वाच्याच नावाचं. "लोकांना पोरं सांभाळता येत नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हातारा कुठंतरी तोंड वासून लेणी बघत बसला असंल."

भोंगा पुन्हा बोलला. माईक हातातच धरून तो कार्यकर्ता कुणालातरी विचारत होता, ते सगळं रस्त्यावर ऐकू येत होतं.

"काका, मुलाच्या अंगात काय आहे?"

एक घोगरा, धापा टाकणारा आवाज. "साडी."

"काय?"

"हिरवी साडी. काठ... काठ तांबडा."

"मुलाच्या अंगात साडी?"

दगडाबाईनं अंबिकाबाईंकडं बघितलं. हिरव्या साडीकडं बघितलं. तांबड्या काठाकडं बघितलं. मग फार समजूतदारपणे काकडी चिरत राहिली.

"काका, मुलाचं वय काय?"

"मुलगा नाही हो! बायको हरवलीय माझी!"

"मग विश्वजीत कोण?"

"तो पुण्याला आहे!"

पाणपोईवर हशा उसळला तो भोंग्यातून साऱ्या वेरूळवर पसरला. रिक्षावाले हसले, हार विकणाऱ्या बाया हसल्या. अंबिकाबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला. धरणीनं जागा दिली असती तर त्या गेल्या असत्या, पण आधी जाऊन त्या माणसाच्या हातातला माईक तोडून.

तेवढ्यात वळणावर एस.टी. दिसली. देवगाव रंगारी. पाटी लांबूनच वाचता आली. एवढं वाचायला चौथी पुरे होती. गाडी येऊन उभी राहिली, दार उघडलं. अंबिकाबाईंनी दांडीला हात घातला.

"काका, बाईंचं नाव सांगा ना. नावाशिवाय कसं पुकारू?"

भोंगा गप झाला. खरखर चालू होती, म्हणजे माईक चालू होता. कुणीतरी कुजबुजलं, "सांगा काका, लाजताय काय."

"आजी, बसता ना?" कंडक्टर म्हणाला.

अंबिकाबाईंचा एक पाय पायरीवर होता.

"भागू," भोंगा म्हणाला.

फार हळू. जणू कुणी झोपेत बोलावं.

"काय? नीट सांगा, काका."

"भागू!" आता तो आवाज फुटला, चिरकला, सगळ्या खांबांना जाऊन थडकला. "देवगाव रंगारीची भागू! भागू, अगं कुठं आहेस तू? मी उघडा उभा आहे उन्हात! भागू!"

अंबिकाबाईंच्या हातातली दांडी सुटली.

भागीरथी हे त्यांचं माहेरचं नाव. लग्नात सासूनं बदलून अंबिका ठेवलं. पण भागू... ते नाव पत्रिकेवर नव्हतं, कुणाच्या कागदावर नव्हतं. ते घरातलं होतं. बाप म्हणायचा, आत्या म्हणायची. दोघं जाऊन किती उन्हाळे लोटले. फकिरा ताई म्हणतो. हे नाव ह्या माणसाला कुणी दिलं?

"आजी, चला की, गाडी उभी आहे."

"जा बाबा तू पुढं," अंबिकाबाई म्हणाल्या. "माझा एक म्हातारा हरवलाय इथं."

पाणपोईपाशी गर्दी गोळा झाली होती. मधोमध व्यंकटराव, हातावर सदरा, कपाळावरून गालावर काळे ओघळ, डोळे लाल. अंबिकाबाई दिसल्या तसा कार्यकर्त्याकडून ओढून घेतलेला माईक त्यांच्या हातातून खालीच पडला. मोठा आवाज झाला.

"आधी सदरा घाला," अंबिकाबाई म्हणाल्या.

त्यांनी सदरा घातला. उलटा घातला. गुंड्या आत गेल्या. अंबिकाबाईंनी दातओठ खात तो काढायला लावला आणि सुलटा करून दिला. तोवर याह्या, सगीरा, करुणा धावत आले.

"कुणी सांगितलं तुम्हाला हे नाव?"

व्यंकटराव गुंडी लावत राहिले. एकच गुंडी.

"सांग बे आता," याह्या म्हणाला. "किती दिवस छुपवणार? भाभी, अख्ख्या कॉलेजला म्हायती होतं. देवगावची भागू! हा वर्गात बसला की आम्ही मागून हळूच म्हणायचो, भागूऽऽ. कान लाल व्हायचे ह्याचे."

"मी तर काल मुद्दाम विचारलं," करुणा म्हणाली, "म्हटलं, अजून तरी तोंडानं म्हणतो का बघू. आणि हा रसाच्या वाटीत बुडून गेला! वहिनी, मला वाटलं होतं तुम्हाला माहीत असेल सगळं."

"मला काहीएक माहीत नाही," अंबिकाबाई म्हणाल्या. "बोला. तुम्ही बोला. याह्याभाईंना बोलू देऊ नका."

व्यंकटराव बोलले. आधी सदऱ्याकडं बघत, मग जमिनीकडं बघत, मग... मग तिच्याकडं बघत.

इथंच, ह्याच वेरूळला, शिवरात्रीची जत्रा. तास बुडवून व्यंकटराव आणि याह्या आलेले. कासाराच्या पालापुढं एक परकर-पोलक्यातली पोरगी उभी. बांगडी भरताना कासारानं फोडली आणि वर तिचाच हात जाड म्हणाला. मग त्या पोरीनं त्याला असं काही सुनावलं की पालाभोवती माणसं गोळा झाली. पोरीच्या आत्यानं हाक मारली, "भागू, चल गं, भांडखोरे!" आणि ती ताठ मानेनं निघून गेली. व्यंकटराव तिथंच.

"मग गावाचं नाव काढलं. मग याह्याला घेऊन सायकलवर देवगावला आलो..."

"मला म्हणाला कापूस बघायचाय!" याह्या मधेच म्हणाला. "इतक्या उन्हात डबल सीट! चढावर मीच चालवली सायकल. कापूस कुठला न काय!"

"तुझ्या दारात पाणी मागितलं. तू तांब्या दिलास."

अंबिकाबाईंच्या कपाळावरच्या आठ्या एकाएकी विरल्या. तांब्या. ओट्यावर वाळत घातलेली मिरची, आणि दारात घामानं निथळणारे दोन पोरगे. एकानं पाणी पिऊन तोंड पुसलं, आणि दुसरा... दुसरा रिकामा तांब्या तसाच हातात धरून खुळ्यासारखा बघत उभा. शेवटी तिनंच तो हिसकावून घेतला होता. 'घरी नेतोस व्हय तांब्या?' म्हणाली होती.

"तो बावळट तुम्ही होता?"

"हौ," याह्या आनंदानं म्हणाला.

"त्यांना विचारलं."

"मीच होतो," व्यंकटराव म्हणाले. "आमच्या घरी तुला माहीत आहे. पोरानं स्वतः पोरगी बघितली म्हटलं असतं तर दादांनी तंगडी तोडून हातात दिली असती. मी मामाच्या पाया पडलो. मामानं स्थळ सुचवल्यासारखं केलं. मी बघायला आलो तेव्हा मान वर केली नाही... भीती वाटत होती, तू ओळखशील आणि तांब्याचं सगळ्यांपुढं बोलशील."

"बोलले असते."

"माहीत होतं."

"मग लग्नानंतर का नाही हाक मारली? तेव्हा कोण तंगडी तोडत होतं?"

व्यंकटरावांनी ओल्या कपाळावरून हात फिरवला आणि सगळा काळा केला. "आईनं तुझं नाव अंबिका ठेवलं. कुलस्वामिनीचं. आता देवीच्या नावानं हाक मारून चहा कसा मागायचा, सांग? मी प्रयत्न केला होता एकदा. हातच जोडले गेले."

सगीरा पदर तोंडात धरून हसायला लागली.

"आणि भागू म्हणावं तर आई विचारणार, हे कुठून आणलंस. मग विश्वा झाला. म्हटलं, चला, सुटलो. पुढं सवयच लागली. आई गेली तवर... तवर लाज वाटायला लागली. एवढ्या वर्षांनी एकदम भागू म्हणालो तर तू हसशील, नाहीतर भांडशील." मग ते खालच्या आवाजात, तिलाच ऐकू जाईल असं बोलले. "पण मनात तेच म्हणतो. तोंडानं विश्वा... मनात भागू. दर वेळी. आजसुद्धा, त्या पायरीवर."

वारा आला. झळच होती, पण आली. पाणपोईच्या मांडवाचं कापड फडफडलं. अंबिकाबाई ह्या माणसाकडं बघत उभ्या राहिल्या. तोंडभर काजळी, उलटा घालून सुलटा केलेला सदरा, आणि त्या काळ्या चेहऱ्यातून तिच्याकडं बघणारे दोन डोळे. दारात तांब्या घेऊन उभ्या पोराचेच, पाणी पिऊनसुद्धा तहानलेले.

लाज नव्हती तर. चौथी नापासची नव्हती, देवगावची नव्हती. एवढी वर्षं जी गोष्ट उशीला डोकं लावलं की टोचायची, ती गोष्टच नव्हती. आणि हे बघून हलकं वाटावं, तर अंबिकाबाईंना आलं रडू, आणि रडू आलं म्हणून आला राग.

"चला बाबा, उसाचा रस पिऊ," करुणानं याह्या-सगीराला हाताला धरून ओढलं. जाता जाता तिनं अंबिकाबाईंचा हात दाबला. अंबिकाबाईंनी तो दाबू दिला. एवढंच नाही, उलट दाबला.

दोघंच राहिली. पाणपोईवाल्यानं भजन परत लावलं, आता जरा हळू.

अंबिकाबाईंनी रांजणातलं पाणी पदरावर घेतलं आणि व्यंकटरावांचं तोंड पुसायला लागल्या. खसाखसा, भांडं घासावं तसं. हिरवा पदर काळा झाला.

"हळू गं... दुखतंय."

"दुखू दे."

"रागावलीस?"

"बोलू नका. तोंडात कलप जाईल."

त्यांनी तिचं मनगट धरलं. भर रस्त्यात, बायाबापड्यांच्या देखत. अंबिकाबाईंनी सोडवून घेतलं नाही. सोडवायचं ध्यानात आलं नाही, असं म्हणू.

"मग आता काय म्हणू तुला?" व्यंकटराव म्हणाले. "अंबिका... का भागू?"

"आता विचारता?"

"आता विचारतो."

अंबिकाबाईंनी त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. आवाज नेहमीसारखाच निघाला, खडखडीत.

"इतकी वर्षं माझं नाव तुम्ही एकट्यानंच मनात घेऊन बसलात, गोड करून करून वापरलंत, आन मी इकडं ते कानावर पडायची वाट बघून म्हातारी झाले. ह्याला लोक प्रेम म्हणत असतील, मी नाय म्हणत. मी ह्याला चोरी म्हणते. चोर आहात तुम्ही, अट्टल चोर. आन माझ्या नावाची सवय मला नव्यानं लागंस्तोवर, रोज उठून, खणखणीत आवाजात, दारापर्यंत ऐकू जाईल असं तुम्हाला ते परत करावं लागंल, कळलं?"